आधी ‘तक’ शोधा : इंदूरला नव्याने आलेल्यांसाठी जाहिरात वाचायची रीत

माझी भाची जळगावहून नोकरीसाठी इंदूरला आली आणि सुदामानगरात खोली घेऊन राहू लागली. पहिल्याच रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे-जिलबी खायला आली, तेव्हा तिच्या हातात पेपरचं पहिलं पान होतं. बातम्यांचं नव्हे. त्यावर कोटासारखं चढवलेलं जाहिरातीचं पान, ज्याला आमच्या धंद्यात ‘जॅकेट’ म्हणतात.

“मामा, फ्रिजवर सत्तर टक्के सूट आहे. आज शेवटचा दिवस. जाऊ या का दुपारी?”

मी इंदूरच्या एका हिंदी दैनिकाच्या जाहिरात विभागात २७ वर्षं काढली. तिला म्हटलं, “जाऊ. पण आधी ‘तक’ शोध.”

तिला ते सापडायला जिलबीचा एक वेढा संपेपर्यंत वेळ लागला. ७० चा आकडा तळहाताएवढा होता, आणि टक्क्याच्या चिन्हाच्या बगलेत, आडवं नव्हे तर उभं, मुंगीएवढं ‘तक’, म्हणजे ‘पर्यंत’, बसवलेलं होतं. ते तिथे कसं बसतं हे मला चांगलंच ठाऊक आहे. शोरूमवाला म्हणतो, “भिया, तक जरा छोटा कर दो.” आर्टवर्कवाला पोरगा करतो. आणि मी, म्हणजे माझ्या जागी जो कोणी असेल तो, रिलीज ऑर्डरवर (जाहिरात छापायच्या लेखी मागणीवर) सही घेऊन पुढच्या पार्टीकडे, म्हणजे जाहिरातदाराकडे, जातो. हे लिहिणं म्हणजे थोडंफार प्रायश्चित्त समजा.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. जाहिरातीत छापील खोटं फार थोडं असतं, कारण उघड खोटं अंगाशी येतं. जाहिरात अर्धं वाक्य बोलून थांबते. उरलेलं अर्धं आपण भरतो, आणि फसतो ते आपण भरलेल्या अर्ध्यात. ‘७०% तक’मध्ये ‘सगळ्या फ्रिजवर’ हे शब्द कुठेही नव्हते. ते भाचीने घातले. म्हणून खालच्या पायऱ्या जाहिरातीत काय लिहिलंय आणि आपण काय वाचलंय यांची फारकत करायला शिकवणाऱ्या आहेत.

पायरी १ : पान तळापासून वर वाचा

हातात पेन घ्या. मथळा सोडा, चित्र सोडा, हसणारी नटी सोडा. सगळ्यात खालच्या ओळीपासून सुरू करा आणि ज्या शब्दांमुळे वरच्या शब्दांचा अर्थ आकसतो त्यांना गोल करा. इंदूरच्या हिंदी पेपरांत ते ठरलेले आहेत: ‘तक’, ‘से शुरू’, ‘चुनिंदा मॉडल पर’, ‘स्टॉक रहने तक’, ‘प्रस्तावित’, ‘शर्तें लागू’, आणि या सगळ्यांची आजी, ती चांदणी (*).

आमच्या जॅकेटवर एका कोपऱ्यात होतं, ‘सिर्फ ₹१ देकर एसी घर ले जाइए’, पुढे चांदणी. चांदणीचा माग काढत खाली गेलो. तिथे इंग्रजीत, इतक्या बारीक अक्षरांत की मला भिंग काढावं लागलं, असा मजकूर: एक रुपया हे फक्त डाउन पेमेंट, कर्ज मंजूर करणं फायनान्स कंपनीच्या मर्जीवर, प्रोसेसिंग फी वेगळी, ठरावीक मॉडेलांनाच लागू, योजना कधीही बंद होऊ शकते. म्हणजे वर एक रुपया आणि खाली पूर्ण किंमत अधिक फी.

ही चांदणी कशी वापरायची याचेही नियम आहेत. फसव्या जाहिराती रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं ९ जून २०२२ ला लागू झाली. त्यांत म्हटलंय की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच फॉन्टमध्ये हवा, ठळक दिसेल असा हवा. शिवाय खालची ओळ वरच्या दाव्याचा अर्थ समजावून सांगू शकते, पण त्याला छेद देऊ शकत नाही किंवा महत्त्वाची माहिती दडवायला वापरता येत नाही. हिंदी मथळा आणि इंग्रजी तळटीप ही आमच्याकडची रोजची जोडी या नियमात बसत नाही. मी नोकरीत होतो तेव्हा हे नियम नव्हते. असते तर पाळले असते का, हे मला विचारू नका.

दुपारी आम्ही खरंच गेलो शोरूममध्ये. सत्तर टक्केवाला फ्रिज होता. एक दारी, डिस्प्लेचा पीस, डाव्या कुशीला पोचा पडलेला, आणि विजेच्या बचतीचं स्टारचं लेबल मागच्या काळाचं. (ते लेबल बघताना नुसते तारे मोजू नका, त्यावर छापलेला कालावधीही बघा. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे कालचे पाच तारे आज पाच राहतीलच असं नाही.) बाकीच्या फ्रिजवर सूट वीस-बावीस टक्क्यांच्या पुढे नव्हती. कधीकधी तर तो पोचेवाला पीसही नसतो. “वो तो सुबह ही निकल गया, ये वाला देखिए” असं म्हणत तुम्हाला दुसऱ्या काचेपुढे नेतात. याला नियमांत आमिषाची जाहिरात म्हटलंय. पुरेसा माल विकायला असेल अशी वाजवी शक्यता नसताना स्वस्त भाव छापणं चालत नाही, आणि माल मोजकाच असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं.

पायरी २ : टक्के सोडा, रुपये मोजा

टक्केवारी बेरजेसारखी दिसते, पण वागते गुणाकारासारखी. ‘५०%+२०% छूट’ वाचून सगळे सत्तर म्हणतात. २,००० चा शर्ट पन्नास टक्क्यांनी १,००० चा झाला. पुढचे वीस टक्के त्या हजारावर, म्हणजे ८००. एकूण सूट साठ टक्के. ‘३ खरीदें, २ मुफ्त’ म्हणजे चाळीस टक्के, तेही पाच शर्ट उचलले तर. ‘५०% एक्स्ट्रा’ म्हणजे अर्ध्या किमतीत नव्हे. शंभर ग्रॅमच्या पैशात दीडशे ग्रॅम, म्हणजे सुमारे तेहेतीस टक्के.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: सूट कशावरून? पाकिटावरची एमआरपी ही सगळे कर धरून कमाल किंमत आहे. महारानी रोडवर पंखा किंवा मिक्सर घ्यायला जा, एमआरपीने कोणीच विकत नाही. मग जी किंमत गावात कोणी देतच नाही, तिच्यावर चाळीस टक्के सूट म्हणजे नक्की काय मिळालं? तीन दुकानांत एकाच मॉडेल नंबरचा भाव विचारा. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून न्या, कारण कधीकधी त्या एका अक्षरातच फरक असतो.

आता सराफा. नवीन माणूस तिथे रात्री गराडू आणि भुट्ट्याचा कीस खायला जातो, पण दिवसा तो दागिन्यांचा बाजार आहे. लग्नसराईत तिथले आणि शहरभरातले बोर्ड एकच गोष्ट ओरडत असतात: ‘मेकिंग चार्ज पर ५०% छूट’. मेकिंग म्हणजे आपली घडणावळ. सोन्याचा भाव सगळीकडे जवळपास सारखा असतो, तो लपवता येत नाही. घडणावळ मात्र ज्याची त्याची. हिशेबाला सोपं म्हणून दहा ग्रॅमचा भाव १,००,००० धरा आणि २० ग्रॅमची चेन घ्या. सोनं झालं दोन लाखांचं.

पहिल्या दुकानात घडणावळ १० टक्के, सूट काही नाही: २०,००० रुपये. दुसऱ्यात घडणावळ २० टक्के, त्यावर पन्नास टक्के सूट: ४०,००० चे २०,०००. तिसऱ्यात घडणावळ २४ टक्के, त्यावर पन्नास टक्के सूट: २४,०००. गर्दी असते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या दुकानात. पहिल्या दुकानातले काका पंखा लावून बसलेले असतात.

माझ्या बायकोची रीत मला आवडते. ती दुकानात गेल्यावर सूट किती ते विचारतच नाही. “भिया, ये चेन, इतने ग्राम, जीएसटी लगाकर पूरा कितना?” एवढंच. तो आकडा घेते आणि शेजारच्या दुकानात जाऊन तेच विचारते. खडे असतील तर एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून मागते, नाहीतर काच सोन्याच्या भावाने घरी येते. आणि दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथेच टाकून बघते. हॉलमार्कच्या दागिन्यांसाठी तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. या तपासणीचा राग येणारा सराफ तिला अजून भेटलेला नाही. जो रागावेल त्याच्याकडून घेऊ नका, असं ती सांगते.

पायरी ३ : ‘फक्त इतका हप्ता’ दिसला की एकूण रक्कम विचारा

हप्ता छोटा दिसावा म्हणून मुदत लांबवतात, आणि व्याज छोटं दिसावं म्हणून ‘फ्लॅट’ सांगतात. एक लाख रुपये, एक वर्ष, १० टक्के फ्लॅट: व्याज १०,०००, हप्ता सुमारे ९,१६७. वाटतं दहा टक्केच. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र पूर्ण लाखावर धरलेलं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. प्रोसेसिंग फी त्यावर वेगळी.

‘जीरो परसेंट’बद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते व्याज कुठेतरी लपवलेलं असतं. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये ते बहुधा रोख घेणाऱ्याला मिळणाऱ्या आणि तुम्ही सोडून दिलेल्या सुटीत असतं. म्हणून दुकानात दोन्ही भाव विचारा: आज सगळे पैसे दिले तर किती, आणि सगळे हप्ते मिळून किती. कर्ज घेणारच असाल तर सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती ग्राहकांच्या कर्जांना ते द्यावंच लागतं, आणि त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. सेल्समन हप्त्याबद्दल बोलत राहील. तुमचं बोट त्या आकड्यावर असू द्या.

पायरी ४ : ‘नंबर वन’ म्हणजे कोणत्या यादीत?

इंदूरला याचं वेड जरा जास्तच. २०१७ पासून स्वच्छतेत शहर पहिलं येतंय, तेव्हापासून ‘नंबर वन शहर का नंबर वन’ मसाला, फर्निचर, दंतवैद्य, सगळं झालंय. आता गंमत बघा. शहराच्या नंबराला मोजणारा आहे (केंद्राचं मंत्रालय), वर्ष आहे, निकष आहेत, आणि दुसरं-तिसरं कोण आलं हेही छापलेलं आहे. फर्निचरवाल्याला विचारा, दुसऱ्या नंबरावर कोण? तो हसेल. ज्या शर्यतीत दुसरा कोणी नाही, तिथे पहिलं येणं सोपं असतं.

हीच परीक्षा ‘१० में से ९’, ‘डॉक्टरों की पहली पसंद’, ‘क्लिनिकली प्रूवन’ यांना लावा: कोणी मोजलं, किती जणांवर, कधी? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सेन्सोडाइनला अशाच दाव्यांवरून दहा लाखांचा दंड केला होता. ‘जगातली नंबर एक’ आणि साठ सेकंदांत आराम, असं त्या टूथपेस्टच्या जाहिरातीत होतं, आणि परदेशी दंतवैद्य शिफारस करताना दाखवले होते. आयएसओ ९००१ चा शिक्काही असाच चकवतो. ते प्रमाणपत्र कंपनीच्या कामाच्या पद्धतीला असतं, हातातल्या वस्तूच्या गुणवत्तेला नव्हे.

‘इंदौर का सबसे स्वादिष्ट पोहा’ ही मात्र फसवणूक नव्हे, फुशारकी आहे. चव मोजता येत नाही आणि त्या पाटीवर विश्वास ठेवून कोणी पोहे खात नाही. असल्या पाट्यांवर चिडायचं कारण नाही.

पायरी ५ : चेहऱ्याला विचारा, ‘तू इथे कसा?’

कोचिंग क्लासेसच्या भागात, भंवरकुआंला, उतरलात की वर बघा. मुलांचे पासपोर्ट फोटो चिकटवलेले होर्डिंग, प्रत्येकाखाली रँक. नीट बघत राहिलात तर एकच मुलगी दोन-तीन क्लासेसच्या होर्डिंगवर हसताना सापडेल. यातलं कोणीच खोटं बोलत नसेल! एका ठिकाणी ती दोन वर्षं शिकली, दुसरीकडे चाचणी मालिका दिली, तिसरीकडे फक्त मुलाखतीची फुकटातली तालीम केली. ‘आमची विद्यार्थिनी’ या शब्दांत ‘पूर्ण कोर्स केलेली’ हे आपण भरतो.

१३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी वेगळी तत्त्वं आली. विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायला निवड झाल्यानंतर घेतलेली लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता कोर्स केला, किती मुदतीचा, पैसे भरून की कसा, हे फोटोसोबत सांगावं लागतं. फी भरायला जाल तेव्हा काउंटरवर विचारा: या पंचवीस चेहऱ्यांपैकी मी ज्या बॅचचे पैसे भरतोय त्या बॅचमधले किती? आणि त्या वर्षी बॅचमध्ये एकूण मुलं किती होती? पंचवीस हा आकडा पन्नासातून आला की पाच हजारांतून, यावर सगळं आहे.

नट आणि खेळाडूंबद्दल फार लिहीत नाही. ते पैसे घेऊन बोलतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी फरक पडतो, हेच त्यांचं मोल. एवढं माहीत असू द्या की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीबद्दल कंपनीबरोबर चेहऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा चूक केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि जाहिराती करण्यावर एक ते तीन वर्षांची बंदीही. रीलमध्ये “मी स्वतः हे वापरते” म्हणणारी ताईही यात आली.

पांढरा कोट दिसला तर जास्त सावध व्हा. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा असे आजार बरे करण्याची, उंची वाढवण्याची जाहिरात करायलाच १९५४ च्या एका कायद्याने बंदी आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा तो कायदा. ‘शुगर जड़ से खत्म’ अशी पट्टी दिसली की औषध चांगलं की वाईट या वादात पडूच नका.

पायरी ६ : पाकीट उलटं करा

पुढची बाजू जाहिरात असते, मागची बाजू कबुलीजबाब.

शेवेच्या पाकिटावर ‘नो कोलेस्टेरॉल’ असतं. खरं आहे. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, कोणत्याही कंपनीच्या नसतं. खरी पण बिनकामाची गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिली की बाकीच्यांत ते असतं असं आपण समजून चालतो. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाचे घटक वाचा: ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिला शब्द मैदा असेल तर ते मैद्याचं बिस्कीट आहे, पुढे नाचणी कितीही नाचू दे. ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली नाही. फळातली, खजुरातली आहेच. ‘१००% फ्रूट ज्यूस’ लिहिलेल्या डब्यांत आटवलेला रस आणि पाणी असायचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये तो दावा काढायला लावला.

आणि ‘प्रति सर्विंग’. इंदूरात तीस ग्रॅम शेव हे माप कोणी शोधलं मला माहीत नाही. तेवढी शेव आमच्याकडे पोह्यांवर नुसती भुरभुरवायला लागते. शंभर ग्रॅमचा रकाना वाचा. दोन आकारांची पाकिटं समोर असतील तर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर भाव छापलेला असतो, तो बघा; मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडत नाही.

पायरी ७ : घाई कोणाची, ते ओळखा

‘आज अंतिम दिन’ ही ओळ मी एकाच पार्टीसाठी सलग चार रविवार छापलेली आहे. पाचव्या रविवारी ‘भारी माँग पर’ मुदत वाढली.

मोबाइलवर ही कला फार पुढे गेली आहे. भाची दिवाळीला आत्याकडे पुण्याला जायला स्लीपर बसचं तिकीट काढत होती. स्क्रीनवर ‘सिर्फ २ सीट बाकी’, ‘१४ लोग देख रहे हैं’, आणि उलटी मोजणारं घड्याळ. भाडं १,२०० दाखवलेलं. पुढे गेल्यावर प्रवास विम्याच्या चौकटीत खूण आधीच केलेली. ती काढायला गेली तर प्रश्न: ‘नहीं, मैं जोखिम उठाना चाहती हूँ’. दानाचे दहा रुपये आपोआप जोडलेले. शेवटच्या पानावर सुविधा शुल्क. पैसे भरायच्या क्षणी आकडा १,३९४. मी म्हटलं, बंद कर, अर्ध्या तासाने उघड. अर्ध्या तासाने सुद्धा दोनच सीट बाकी होत्या. ती गेली त्या रात्री बसमध्ये अर्धे बर्थ रिकामे होते.

या एका तिकिटात चार प्रकार आले: खोटी घाई, टोपलीत गुपचूप माल सरकवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, आणि किंमत थेंबाथेंबाने सांगणं. ३० नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयीच्या तत्त्वांत असे १३ प्रकार नावानिशी दिलेत आणि त्यांना मनाई आहे. उपाय साधा: आधीच्या सगळ्या खुणा काढा, शेवटच्या पानावरचा आकडा बघूनच तुलना करा, आणि ‘फुकट महिना’ घेताना वर्गणी बंद करायचं बटण कुठे आहे ते सुरू करण्याआधी शोधून ठेवा.

पायरी ८ : प्लॉट

नवख्यांना हे लागू नाही असं वाटेल, पण मुलगा इंदूरला लागला की वर्षभरात आई-बाबा एफडी मोडून प्लॉट बघायला येतातच. तेव्हा तीन शब्द लक्षात ठेवा. ‘एयरपोर्ट से १० मिनट’ : कोणत्या वेळी, कोणत्या वेगाने? स्वतः संध्याकाळी सात वाजता गाडी चालवून बघा. ‘से शुरू’ : त्या भावाचा प्लॉट बहुधा नाल्याकडचा आणि एकच. आणि ‘प्रस्तावित’. सुपर कॉरिडॉरवर मेट्रो प्रत्यक्ष धावू लागली ३१ मे २०२५ ला. जाहिरातींत ती त्याआधी कित्येक वर्षं धावत होती.

माहितीपत्रकावर रेराचा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक असायलाच हवा; तो मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर टाकून प्रकल्पाचं नाव, मंजूर नकाशा आणि मुदत जुळते का बघा. “टीएनसीपी अप्रूव्ड है, डायवर्टेड है” (म्हणजे नगररचना खात्याची मंजुरी आहे, शेतजमीन बिगरशेती झाली आहे) असं तोंडी सांगतील, कागद मागा. आणि माहितीपत्रक फेकू नका. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई किंवा व्याजासह पैसे परत मागता येतात. बागेचं ते गुळगुळीत चित्र हा तुमचा पुरावा आहे.

पायरी ९ : बातमी की जाहिरात?

आमच्याच घरची चूक, म्हणून थोडक्यात. बातमीसारख्या दिसणाऱ्या मजकुरात बातमीदाराचं नाव नसेल, दुसरी बाजू नसेल, अक्षराचं वळण शेजारच्या बातमीपेक्षा किंचित वेगळं असेल आणि कोपऱ्यात ‘एडवर्टोरियल’ किंवा ‘इम्पॅक्ट फीचर’ असं फिकट लिहिलेलं असेल, तर त्याचे पैसे मिळालेत. रुग्णालयं आणि खासगी कॉलेजं यात आघाडीवर. दुसऱ्या वस्तूच्या आडून केलेली जाहिरातही अशीच वेषांतर करते: पान मसाल्याच्या नावाने वेलची विकणारे होर्डिंग तर चौकाचौकांत आहेत. तिथे वेलची कोणी विकत नाही, नाव विकलं जातं.

पायरी १० : तक्रार, आणि तिच्यासाठी कात्रण

फसलात तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं कंपनीकडे इथूनच पोचतात आणि मिटतात. नुसती जाहिरात खटकली, खरेदी केलेली नाही, तरी जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेला, म्हणजे मुंबईच्या एएससीआयला, ७७१०० १२३४५ वर व्हॉट्सॲपने फोटो पाठवता येतो. फसव्या जाहिरातीची लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत जायचं, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला फी नाही. वकील लागतोच असं नाही.

सोबत बिल, स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचं कात्रण. कापताना पानाची वरची पट्टी, जिथे पेपरचं नाव, आवृत्ती आणि तारीख असते, ती सोडू नका. आमच्या दफ्तरात एकदा एक रामबागेतले आजोबा आले होते. हातात अगदी कडेने नीट कापलेली जाहिरात, तारीख गायब. एका पार्टीने पैसे बुडवले होते आणि आयोगात तारीख मागितली होती. मी आणि शिपाई दोन दिवस जुन्या फायली उपसत बसलो, धुळीने शिंका देत. तिसऱ्या दिवशी कळलं की ती जाहिरात आमच्या पेपरातली नव्हतीच.